गेणू वगळून

कुंडलिक मास्तरांना सत्तर वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ओतूरच्या एका मंगल कार्यालयात रविवारी कार्यक्रम ठेवला होता. कुणी पोलिसात लागलेलं, कुणी टोमॅटोच्या व्यापारात, कुणी पुण्यात कंपनीत, दोघीतिघी स्वतःच शिक्षिका. हार झाले, शाल झाली, फोटो झाले, चार भाषणं झाली. मास्तर आभार मानायला उभे राहिले तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, विहीर!" आणि सगळं कार्यालय "विहीर, विहीर" करू लागलं.

मास्तर नको नको म्हणत हसले. पण चष्मा काढून खिशात ठेवला. चष्मा काढला की गोष्ट सुरू होणार, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही, वर्गात, लग्नात, निरोप समारंभात, एसटी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभं राहूनसुद्धा त्यांनी ती सांगितली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. आणे गावाजवळच्या पठारावरची त्यांची वस्ती. सगळ्या वस्तीला मिळून एक विहीर, आठ परस खोल, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी केली तर वरच्याचा हात काठाला लागावा इतकी. तळाच्या कपारीत थेंबथेंब पाणी साठायचं. कुणीतरी भिंतीतल्या दगडांवर पाय देत खाली उतरायचं, वाटीनं पोहरा भरायचा आणि वरच्यांनी तो ओढून घ्यायचा. त्या वर्षी मेंढरं घेऊन आलेल्या धनगरांचा म्हस्कू, अठरा वर्षांचा दांडगा गडी, उतरायला गेला आणि निम्म्यात अडकला. वर येईना की खाली जाईना. दगडाला मिठी मारून "आई गं, आई गं" सुरू.

इथं मास्तर टेबलाला मिठी मारून दाखवायचे. लोक हसायला लागायचे. मग डोळे पांढरे करून ते म्हस्कूच्या आवाजात म्हणायचे, आणि आता तर सगळं कार्यालय त्यांच्याबरोबर म्हणालं:

"मला वर घ्या! न्हाईतर मेंढरं तरी खाली सोडा, सोबतीला!"

त्यानंतर धोतर भिजल्याचा भाग. वरून डोकावणाऱ्या बाया म्हणतात, आरं, इहिरीला पाणी लागलं वाटतं! हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. आणि शेवटी आवाज खाली आणून मास्तर सांगायचे, की मी कमरेला दोर बांधला, उतरलो आणि म्हस्कूला वर आणलं. "अठरा वर्षांचा होतो. त्या दिवशी मला कळलं, भीती समोर दिसली तरी पाऊल मागं घ्यायचं नाही. आज मी जो काही आहे, तो त्या विहिरीत घडलो."

टाळ्या पडल्या. मास्तरांनी हात वर केला. "आणि तो म्हस्कू आज इथंच बसलाय! ऊठ रे म्हस्कू!"

तिसऱ्या ओळीतून लाल मुंडासं बांधलेला, वाळलेल्या अंगाचा एक म्हातारा उठला. हात जोडून चारी बाजूंना वळला. तोंडात चार दात राहिले होते, तेवढे दाखवत तोही हसत होता. फक्त त्याच्या शेजारची मुलगी हसत नव्हती. ती मांडीवरच्या ओढणीची घडी घालत होती, मोडत होती.

जेवणाच्या पंगतीत मास्तर वाढपावर देखरेख करत फिरत होते, तेव्हा ती मुलगी त्यांच्यापाशी आली.

"सर, मी दिशा. म्हस्कू आबांची नात. इथंच ओतूरला मामांकडं राहून कॉलेजला आहे."

"अगं, मग आधी नाही का भेटायचं! जेवलीस का?"

"जेवते. एक विचारायचं होतं. तुमच्या गोष्टीत गेणू का नाही?"

"कोण गेणू?" मास्तर म्हणाले.

दिशानं त्यांच्याकडं पाहिलं. चिडून नव्हे. वर्गातल्या हुशार पोरानं सोपं गणित चुकवलं की मास्तर स्वतः जसं बघत असत, तसं.

"आबांचा धाकटा भाऊ. आमच्या घरी ही गोष्ट गेणू आजोबांपासून सुरू होते," ती म्हणाली. "आणि आमच्याकडं त्या गोष्टीला कुणी हसत नाही." मग तिनं वाकून नमस्कार केला आणि आजोबांना घेऊन निघून गेली.

हात धुवायला गेलेले मास्तर नळाखाली हात धरून उभेच राहिले. गेणू. दहा वर्षांचा. पायात मोठ्या माणसाच्या वहाणा घालून फटक फटक चालायचा. आठवला. आठवायला काही वेळ लागला नव्हता. विसरले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

*

म्हस्कूचं बिऱ्हाड दरवर्षी सुगी संपली की मास्तरांच्या वडलांच्या रानात यायचं. आधी लांबून धूळ दिसायची, मग घोड्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या, मग दोनतीनशे मेंढरांचा तो एकसारखा बें बें आवाज. घोड्यांच्या पाठीवर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि वर बसलेली लहान पोरं. मेंढरं रानात बसवली की त्यांच्या लेंड्यांनी जमीन सुधारायची, म्हणून शेतकरी धनगरांना बोलावून घ्यायचे. जाळीचं गोल कुंपण उभं राहायचं, त्याला वाघर म्हणत. संध्याकाळी वाघरीत मेंढरं कोंडली की लोकरीचा, दुधाचा, ओल्या लेंड्यांचा मिळून एक ऊबदार वास सुटायचा. मास्तर पुढं आयुष्यभर पंख्याखाली झोपले, पण झोप लागताना अधूनमधून तो वास यायचाच.

म्हस्कू आणि कुंडलिक एका वयाचे. वर्षातले तीन महिने एकत्र. बोरं, गलोली, विटीदांडू. म्हस्कू त्याला कुंडल्या म्हणायचा. त्याची आई सरुबाई मास्तरांच्या आईला लोकरीच्या गुंड्या आणून द्यायची, आई तिला पापड-कुरडया.

त्या उन्हाळ्यात बिऱ्हाड उशिरा आलं. मेंढरं निम्मी राहिली होती. सरुबाई अंगणात आली, भिंतीला टेकून बसली आणि मास्तरांच्या आईला म्हणाली, "माजा गेणू गेला, वैनी." वाटेत एका गावाच्या बाहेर, पाणी काढायला विहिरीत उतरताना पाय निसटला. बारा दिवस झाले होते. तिथंच माती दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं पुढं हाकली, कारण मेंढरांना पाणी लागत होतं. हे बोलणं झालं तेव्हा कुंडलिक उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होता. त्यानं शब्दन् शब्द ऐकला होता.

आणि मग दोनच दिवसांनी वस्तीवर ठरलं, की बाहेरच्यांना पाणी पाहिजे तर त्यांचा माणूस त्यांनी खाली उतरवावा. ते ठरवणाऱ्यांत मास्तरांचे वडील होते.

*

"तुमचं जेवणात ध्यान न्हाई," मास्तरांच्या पत्नी साळुबाई म्हणाल्या. कार्यक्रमाला चार दिवस झाले होते. मास्तरांनी ताटातल्या भाकरीचे तुकडे करून ठेवले होते आणि खाल्ला एकही नव्हता.

"साळू, तुला विहिरीची गोष्ट माहीत आहे ना?"

"हे काय इचारणं झालं? भिताडाला सुदीक ठावं हाय ती."

"त्यात गेणू होता का गं कधी?"

साळुबाई कांदा चिरत होत्या. विळीवरून मान न उचलता म्हणाल्या, "मला पयल्यांदा सांगितली तवा व्हता की. मढला. खोलीत. आठ दिस पाऊस उघडला न्हवता, लाकडं पेटत न्हवती. तुमी सांगत व्हता आन् मी रडत व्हते. तुमी म्हणला, धुरानं रडतीस का? मी म्हणलं, व्हय."

मास्तरांनी ताट बाजूला सारलं.

"पुढं मग कवा गळाला त्यो, तुमचं तुमाला ठावं. मला वाटलं, मानसाला आसतं एकेक. बोलवत नसंल."

ते कधी घडलं हे मास्तरांना नेमकं आठवत होतं. पहिली नेमणूक मढच्या बाजूला. तेवीस वर्षांचे होते. पठारावरच्या कोरड्या मुलखातून आलेला माणूस त्या धुक्यापावसात गांगरून गेला होता. बाकीचे शिक्षक जुने, एकमेकांत मिसळलेले. एका दुपारी डबा खाताना सगळे आपापल्या गावाचं काही सांगत होते, म्हणून त्यांनी विहीर सांगितली. गेणूसकट. सगळे खाली मान घालून जेवत राहिले. एकजण डबा बंद करत म्हणाला, "जेवताना असलं कशाला काढता हो, मास्तर?" पुढं महिनाभर त्यांच्याशी कुणी मोकळेपणानं बोललं नाही, किंवा त्यांना तरी तसं वाटलं. दिवाळीनंतर त्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगितली. गेणू वगळून. अंगानं दांडगा माणूस विहिरीत रडतो, एवढंच. लोक हसले. हेडमास्तरांनी पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून ते त्या शाळेतले झाले.

मेंढरं खाली सोडा हे वाक्य त्याहून नंतरचं. कुठल्याशा बक्षीस समारंभात बोलता बोलता सुचलं होतं. म्हस्कू असं काही बोललाच नव्हता.

आणि एकदा गेणू गेला, की वस्तीनं म्हस्कूला विहिरीत का उतरायला लावलं हेही सांगायचं कारण उरलं नाही. वडीलही गोष्टीतून आपोआप सुटले. उरला एक भित्रा आणि एक धीट. त्या धिटाच्या भरवशावर मास्तरांनी पुढं किती गोष्टी केल्या होत्या! दारू पिऊन शाळेत आलेल्या पुढाऱ्याला हाकललं, पोरींना आठवीतून काढू नका म्हणून घरोघर भांडले. प्रत्येक वेळी मनात म्हणायचे, मी विहिरीत उतरलेला माणूस आहे. ते खोटं नव्हतं. पण ते उभं होतं म्हस्कूच्या खांद्यावर, आणि म्हस्कूला कुणी विचारलं नव्हतं.

"मी जाऊन येतो लोणीला, म्हस्कूकडं," ते म्हणाले.

"जा. रिकाम्या हातानं जाऊ नका," साळुबाई म्हणाल्या, आणि डबाभर शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

*

ओतूरहून आळेफाटा, तिथून मंचर, मंचरहून लोणीची गाडी. लोणीच्या पुढं दोन किलोमीटरवर, आंबेगाव तालुक्याच्या त्या कोरड्या टोकाला, म्हस्कूचं घर होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांनी फिरणं सोडलं. मुलगा हनुमंत आता कांदा करायचा, पण पंचवीस-तीस मेंढरं म्हस्कूनं ठेवली होती. पत्र्याच्या सावलीत तो एका मेंढीचा खूर धरून बसला होता, काटा काढत.

"आरं! मास्तर! फोन तरी करायचा. हनुमंतानं फाट्यावरनं गाडीवर आणलं असतं."

"चालत आलो. बरं वाटलं."

पाणी झालं, चहा झाला. हनुमंतची बायको लाडूंचा डबा घेऊन आत गेली. मास्तर बाजेवर बसले, म्हस्कू खाली पोत्यावर. मास्तरांनी त्याला वर बस म्हटलं, तर म्हणाला, "हितंच बरं हाय, गुडघं दुखत्यात उठा-बसायला."

"म्हस्कू, दिशा मला बोलली."

"व्हय. सांगितलं तिनं. मी रागं भरलो तिला. म्हणलं, मोठ्या मानसाला आसं भर पंगतीत..."

"बरोबर बोलली ती. मी गेणूला गोष्टीतून काढला. मुद्दाम काढला."

म्हस्कूनं मेंढीचा पाय सोडला. ती उठून, अंग झाडून निघून गेली.

"मी पयल्यांदा ऐकली तवाच न्हवता की त्यात. तुमच्या थोरल्याच्या लग्नात."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" म्हस्कू हसला. "लोकं हसत व्हती. चांगली वाटत व्हती हसताना. खरं सांगू का मास्तर? वस्तीवर आमी तीन-तीन म्हयनं ऱ्हायचो. पर नाव ठावं व्हतं का कुणाला? धनगर आलं, धनगर गेलं. तुमच्या गोष्टीनं मी म्हस्कू झालो. आळेफाट्याला मानसं थांबवून इचारायची, इहिरीतलं म्हस्कू तुमीच का वो? चहा पाजायची."

मास्तरांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला.

"फकस्त एक व्हतं," म्हस्कू म्हणाला. "गेणू नसला की मला वाटायचं, ती कुणा दुसऱ्याचीच इहीर हाय. आन् त्यो रडणारा बी दुसराच कुणीतरी."

"आणि ते मेंढरं खाली सोडा, ते तू म्हणाला नव्हतास."

"म्हणलो न्हवतो?"

"नाही. मी रचलं ते."

म्हस्कू डोळे बारीक करून विचार करत बसला. मग मुंडासं मागं सारून खदखदून हसला. "आयला! मला तर आता म्हणल्यालं आठवतंय! ऱ्हाऊ द्या मास्तर, ते ऱ्हाऊ द्या. झ्याक हाय ते."

हसता हसता त्याला खोकला आला. हनुमंतच्या बायकोनं तांब्या आणून दिला. पाणी पिऊन तो थांबला आणि मग त्यानं मास्तरांना त्यांचीच गोष्ट सांगितली, त्याच्या घरात सांगितली जायची तशी.

"मी उतरलो. निम्म्यात आलो तवा खाली बघितलं. तळाला पाणी चमाकलं, आन् मला वाटलं गेणू हाय तिथं. हातपाय गेलं माझं. वरनं हसणं ऐकू येत व्हतं. मग तुमी आला. माझ्या खाली उतरला. माझा पाय धरून दगडावर ठेवला आन् म्हणला, म्हस्कू, गेणू कसा व्हता सांग मला."

"मी म्हणालो असं?"

"मग कोण? इहिरीत दोघंच व्हतो की आपण." म्हस्कू पुढं सांगू लागला. "मी म्हणलं, त्याला टिटवीवानी शीळ घालता यायची. तुमी म्हणला, आता हा पाय उचल. उचलला. आजून काय यायचं? मी म्हणलं, झोपंत मेंढरं हाकायचा. तुमी म्हणला, आता दुसरा पाय. मी म्हणलं, गुळाचा खडा चोरायचा आन् निम्मा घोडीला द्यायचा. आसं एकेक सांगत, एकेक दगड चढत वर आलो. वर आल्यावर तुमी बी रडत व्हता. पर ते कुणी बघितलं न्हाई, समदी माझ्या धोतराकडं बघत व्हती."

मास्तरांनी आठवून पाहिलं. विहिरीतला गारवा आठवला, शेवाळाचा वास आठवला, दोर कमरेला रुतलेला आठवला. हे बोलणं मात्र आठवेना. पन्नास वर्षं त्यांनी जो मुलगा लोकांना दाखवला होता, तो छाती पुढं काढून उतरणारा होता. हा, एकेका पायरीला गेणूची चौकशी करणारा, त्यांच्याजवळ नव्हताच. तो इथं, लोणीच्या पुढं, या पत्र्याच्या सावलीत सांभाळून ठेवलेला होता. त्याच्यापुढं आपला धीट मुलगा त्यांना फार पोरकट वाटला.

"गेणूचं मला दुसऱ्या कुणी इचारलंच न्हाई कदी," म्हस्कू म्हणाला. "आय नाव काढू द्यायची न्हाई. बा म्हणायचा, म्होरं चला. तुमी इचारलं म्हणून माझ्या ध्यानात ऱ्हायलं त्याचं. न्हाईतर ते बी गेलं असतं."

मास्तर बाजेवरून उतरून त्याच्याजवळ पोत्यावर बसले.

"मला कुंडल्या म्हण की रे पहिल्यासारखं."

"आता जीभ वळायची न्हाई, मास्तर," म्हस्कू म्हणाला, आणि हाताशी हात आला तो त्यानं धरून ठेवला.

निघताना मास्तरांनी त्याला आण्याच्या यात्रेला यायचं कबूल करवून घेतलं.

*

पौषातली आण्याची यात्रा म्हणजे आमटी-भाकरी. मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते आणि भाकरी घरोघरच्या येतात. कुठल्या घरची भाकरी कुणाच्या हातात पडली, हे कुणी बघत नाही. मास्तर आणि साळुबाई ओतूरहून आले होते, हनुमंत गाडीतून म्हस्कूला आणि दिशाला घेऊन आला होता. सगळ्यांनी रांगेत बसून आमटी ओरपली, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि दुपारी वस्तीवर गेले.

विहिरीवर आता लोखंडी जाळी होती, मोटार होती. शेजारच्या लिंबाखाली वस्तीतली पंधरा-वीस माणसं यात्रेचं जेवण जिरवत पडली होती. लंकाबाई, पंचाहत्तरीच्या पुढची, बाजेवर बसून तंबाखू मळत होती. म्हस्कूला बघून तिनं हात कपाळाला लावून उन्हातून निरखलं आणि म्हणाली, "लई वरसांनी आलास, बाबा."

थोड्या वेळानं कुणीतरी म्हणालंच, "मास्तर, आता इहिरीपशीच हाय तर होऊन जाऊ द्या!"

मास्तरांनी चष्मा काढला नाही. म्हस्कूला त्यांनी शेजारी बसवून घेतलं होतं.

"गेणू नावाचा एक मुलगा होता," त्यांनी सुरुवात केली. "म्हस्कूचा धाकटा भाऊ. दहा वर्षांचा."

लोक हसू तयार ठेवून ऐकत होते. ते तसंच राहिलं. मास्तरांनी सरुबाईचं अंगणात येणं सांगितलं. मग त्यांचा आवाज अडखळू लागला. इतक्या वर्षांत ही गोष्ट सांगताना तो कधी अडखळला नव्हता. "मग वस्तीनं ठरवलं, यांचा माणूस यांनी उतरवावा. माझ्या वडलांनी ठरवलं. मला गेणूचं माहीत होतं. मी तिथं उभा होतो. मी बोललो नाही." एका माणसानं पाय जवळ घेतले. मास्तर घाईघाईनं पुढं निघाले. "म्हस्कू उतरला, मध्ये थांबला, मग मी—"

"थांबा, मास्तर," म्हस्कू म्हणाला. "माझं रडणं ऱ्हायलं."

"ते नको, म्हस्कू."

"नको कसं? मी रडलो की. धोतर बी भिजलं. भाऊ गेला व्हता माझा, रडणार न्हाई तर काय करणार? सांगा ते. आन् मेंढरांचं बी सांगा."

मास्तरांना ते सांगता येईना. शेवटी म्हस्कूनंच डोळे पांढरे करून सांगितलं, "मला वर घ्या, न्हाईतर मेंढरं तरी खाली सोडा, सोबतीला!" आणि वर म्हणाला, "हे मी म्हणलो न्हवतो, हे मास्तरांचं हाय." लोक हसले. दिशाही हसली आणि लगेच ओढणीनं डोळे पुसले. विहिरीच्या आतलं पुढचं सगळं मग म्हस्कूनंच सांगितलं. टिटवीची शीळ, झोपेत मेंढरं हाकणं, गूळ.

त्याचं संपलं. मग लंकाबाईनं मळलेली तंबाखू तशीच मुठीत ठेवून म्हटलं, "मी बी हसले व्हते त्या दिशी. काठावर व्हते. पाणी लागलं का म्हणून इचारनारी मीच."

म्हस्कू म्हणाला, "जाऊ द्या, आक्का."

"जाऊ द्या काय? सरुबाई घागर घिऊन मागं उभी व्हती. तिच्या तोंडाकडं मी बघितलंच न्हाई." ती म्हस्कूकडं वळली. "गेणू म्हंजी डाव्या कानात बाळी व्हती, त्योच ना? मोठाल्या वहाणा घालायचा?"

"तुमाला ठावं व्हता त्यो?"

"ठावं? आरं, आदल्या साली माझ्या शेरडांच्या कुडात त्यानं कोकरू आणून लपीवलं व्हतं. लंगडं. तुझा बा म्हणत व्हता, चालवत न्हाई तर टाका मागं. गेणू मला म्हणला, मावशे, कुणाला सांगू नगं. बरं झालं की म्होरल्या साली न्हितो."

म्हस्कू जागेवरून उठला. गुडघ्यांवर हात देत उठला आणि बाजेपाशी जाऊन खाली बसला.

"आमाला वाटलं लांडग्यानं न्हेलं," तो म्हणाला. "बानं लई मारलं व्हतं गेणूला त्यापायी. ध्यान कुठं व्हतं म्हणून. त्यानं तोंड उघडलं न्हाई."

"न्हाई उघडलं? आगं बया."

"मग? जगलं का ते?"

"जगलं तर! मेंढी व्हती ती. मी बोंडल्यानं दूध पाजलं. म्होरल्या साली तुमी आला, मी वाट बघत व्हते ह्यो पोरगा कुठं दिसंना म्हणून. इहिरीच्या त्या दिसानंतर कळलं." लंकाबाईनं पदर तोंडाला लावला. "मग कुणाला देऊ? ठिवली मीच. चार येळा व्याली."

वस्तीतली माणसं जवळ सरकली होती. साळुबाई दिशाला धरून उभ्या होत्या. कुणीतरी म्हणालं, माझी आजी पण त्या साली कायतरी सांगायची. दुसऱ्यानं त्याला गप्प केलं, आधी हे होऊ दे म्हणून.

"कसली व्हती?" म्हस्कूनं विचारलं. "रंग?"

"काळी. कान तेवढं पांढरं."

म्हस्कूनं मान हलवली. "कान पांढरं म्हंजी बुगडीचं कोकरू ते," तो मास्तरांकडं वळून म्हणाला. "बुगडी माझ्या आयची मेंढी." मग पुन्हा लंकाबाईकडं वळला. "आजून काय ठावं हाय तुमाला त्याचं?"

"सांगते की," लंकाबाई म्हणाली आणि बाजेवर थोडी सरकून तिनं त्याला बसायला जागा केली. म्हस्कू या वेळी वर बसला.